उन्हाळ कांद्याची मान: काढणीची वेळ कशी ओळखावी?

येवल्याचे नाव शहरी वाचकाला ठाऊक असते ते पैठणीमुळे, किंवा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे केलेल्या धर्मांतराच्या घोषणेमुळे. तालुक्यातील बहुसंख्य घरांचे वर्षभराचे गणित मात्र कांद्यावर बसलेले असते. मार्च सरत आला की मनमाडहून येवल्यामार्गे कोपरगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा एक दृश्य दिसू लागते. काल-परवापर्यंत ताठ उभी असलेली हिरवी पात वाफ्यावाफ्यातून आडवी झालेली असते. रात्रीतून वादळ येऊन गेले असावे किंवा पिकावर एखादा रोग पडला असावा, असे नवख्या प्रवाशाला वाटते. शेतकरी मात्र याच घटनेची वाट पाहत असतो. ‘मान पडली’ या दोन शब्दांत तो ती सांगतो.

उन्हाळ कांद्याच्या बाबतीत काढणीचा निर्णय वर्षातून एकदाच घ्यायचा असतो आणि तो मागे घेता येत नाही. टोमॅटो तोडणीतोडणीने निघतो, द्राक्षाची गोडी यंत्राने मोजता येते. कांदा जमिनीत असतो, तो एकदाच उपटावा लागतो आणि उपटल्यानंतर त्याला पुढे पाच-सहा महिने टिकायचे असते. देशातील कांद्याच्या एकूण उत्पादनापैकी साधारण दोन तृतीयांश वाटा या रब्बी पिकाचा. एप्रिल-मेमध्ये निघालेला हाच माल खरिपाचा नवा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येईपर्यंत देशाला पुरवायचा असतो. त्यामुळे येवल्याच्या शेतात एप्रिलच्या एखाद्या आठवड्यात झालेली घाई किंवा दिरंगाई मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला सप्टेंबरात, कांदा चिरताना कळते.

मान का पडते?

कांदा हे मूळ नव्हे आणि फळही नव्हे. पातीच्या प्रत्येक पानाचा बुडखा फुगून एकावर एक बसला की कांदा तयार होतो. आडवा चिरल्यावर दिसणारी वर्तुळे म्हणजे हे बुडखेच होत. रोप वाढीला असते तोपर्यंत गाभ्यातून सतत नवे पान निघते आणि आधीच्या पानांच्या नळीतून वर चढते. या आतल्या कोवळ्या पानांच्या आधारावर मान ताठ राहते. गड्डा भरण्याचा काळ आला की झाड आपले धोरण बदलते. नवी पाती वर पाठविणे थांबते आणि आत केवळ जाड, बिनपातीचे पापुद्रे तयार होऊ लागतात. पातीत साठलेले अन्न खाली उतरते. मानेच्या नळीत आता आधाराला काही उरत नाही, ती पोकळ होते, आणि वरच्या पातीच्या वजनाने एके दिवशी लवते.

मान पडणे म्हणजे झाड मरणे नव्हे, हे नीट समजून घ्यावे लागते. पडलेली पात पुढे काही दिवस हिरवी असते आणि तिच्यातील अन्न गड्ड्यात उतरतच असते. पडलेल्या मानेचा खरा अर्थ एवढाच, की वरचे दार आता मिटू लागले आहे. हे दार जितके घट्ट आणि कोरडे मिटेल तितका कांदा टिकतो, कारण साठवणीत कुजविणारी बुरशी आणि जिवाणू बहुधा मानेच्याच वाटेने आत शिरतात.

झाडाला ही वेळ कळते ती दिवसाच्या लांबीवरून आणि उष्णतेवरून. आपल्याकडील वाण अल्पदिनी, म्हणजे दहा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरणारे आहेत. युरोपातील चौदा-सोळा तासांचा दिवस मागणारे वाण येथे लावले तर पातीचे रान माजते, कांदा धरत नाही. डिसेंबरात नाशिक परिसरातील दिवस सुमारे ११ तासांचा असतो, मार्चअखेर तो १२ तासांच्या पुढे जातो आणि ऊनही तापू लागते. हा इशारा झाडाला मिळतोच, मग लागवड डिसेंबरात झालेली असो वा जानेवारीच्या शेवटी. म्हणून उशिरा लावलेल्या कांद्याचा गड्डा लहान राहतो. पात पुरेशी वाढण्याआधीच झाडाला आवरते घ्यावे लागते. वेळेवर लावलेल्या एन-२-४-१ सारख्या वाणाला पुनर्लागवडीनंतर साधारण ११० ते १२० दिवस लागतात. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राने दिलेला हा वाण नाशिक जिल्ह्यात आजही मोठ्या प्रमाणात घेतला जातो. दिवसांचा हिशेब उपयोगी आहे, पण तो अंदाजापुरताच. शेवटचा शब्द मानेचा.

खरीप कांद्याला हा नियम लागू होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा दमट असते, दिवस लहान होत जातात, पात वाढीलाच राहते आणि मान आपणहून पडत नाही. तेथे शेतकरी रिकामा पिंप पातीवरून फिरवून माना पाडतो आणि दोन-तीन दिवसांनी काढणी करतो. तो कांदा लगेच बाजारात जायचा असतो म्हणून हे चालून जाते. उन्हाळ कांद्याच्या वाफ्यात तोच पिंप फिरविणे म्हणजे न मिटलेल्या दाराला बाहेरून कडी लावणे. लावणाऱ्याला समाधान मिळते, कांदा टिकत नाही.

फसवी मान

पात आडवी दिसली म्हणजे मान पडलीच, असे मात्र नाही, आणि सर्वांत अधिक चुका येथेच होतात. करपा रोगाने पात मध्येच मोडते. फुलकिड्यांनी रस शोषलेली पात पांढुरकी होऊन गळते. पाणी अवेळी तुटले तर शेंड्याकडून पिवळी पडून वाळते. अवकाळी वाऱ्याने तर एका रात्रीत सगळे शेत झोपते. या सर्व प्रकारांत पात पडलेली असते, मान पडलेली नसते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. गड्ड्याच्या लगत वरचा भाग अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबावा. पक्व मान मऊ लागते, आत काही नसल्यासारखी चपटी होते आणि वाकलेली असते ती नेमकी गड्ड्याच्या वर, पातीच्या मध्यावर नव्हे. कच्ची मान बोटांना भरीव, रसरशीत लागते. मग चार-दोन कांदे उपटून पाहावेत. पक्व कांद्याच्या मुळ्या वाळू लागलेल्या असतात आणि तो जमिनीतून सहज सुटतो. वरच्या पापुद्र्याला वाणाचा रंग चढलेला असतो. मान उभी चिरून पाहिली आणि मधोमध नव्या पातीचा हिरवा कोंब दिसला, तर झाड अजून वाढीत आहे असे समजावे.

काही झाडांच्या मधून फुलाचा दांडा निघतो. त्यांना डेंगळे म्हणतात. रोप मोठे असताना कडाक्याची थंडी लागली की हे होते. डेंगळ्याची मान पडणार नाही, दांडा कडक असतो. त्याची वाट पाहू नये. तो कांदा काढून घरी खावा किंवा लगेच विकावा, कारण त्याच्या गाभ्यात पोकळी राहते. भरमसाट युरिया दिलेल्या शेतातही माना जाड राहतात आणि पडायला तयार नसतात. ही चूक फेब्रुवारीत केलेली असते, एप्रिलमध्ये तिला उपाय नाही.

अर्धे शेत

शेतातील सर्व झाडे एकाच दिवशी पक्व होत नाहीत. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय, कृषी विद्यापीठ आणि जुने शेतकरी या तिघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे. साठवणीचा कांदा काढायचा तो साधारण निम्म्या माना पडल्यावर. हा आकडा तडजोडीचा आहे. सर्व माना पडेपर्यंत थांबले तर आधी पडलेले कांदे अतिपक्व होतात, वरचा पापुद्रा तडकतो, उन्हाने खांदे भाजतात, आणि जमिनीत जरा ओल आली की नव्या मुळ्या फुटतात. पापुद्रा निघून गेलेला कांदा चाळीत टिकत नाही. उलट, पाचदहा टक्के माना पडल्या असतानाच काढले तर बहुतेक कांद्यांची मान ओली राहते.

नियम सर्वांना ठाऊक असूनही तो मोडला जातो, आणि त्याची कारणे अज्ञानात नाहीत. मान पडल्यावरही गड्ड्याचे वजन काही दिवस वाढत राहते, म्हणून थांबण्याचा मोह होतो. दर चढे असले तर नेमका उलटा मोह होतो. आज ओला कांदा विकला तर वजनही भरते आणि पैसाही हातात येतो. येवला बाजार समितीच्या आवारात किंवा अंदरसूलच्या उपबाजारात लिलावाचा आकडा चढला की दुसऱ्या दिवशी अर्धकच्च्या शेतांत मजूर उतरलेले दिसतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीच झाली, ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून जाहीर झालेली ती बंदी ऐन काढणीच्या तोंडावर मुदतीविना वाढविण्यात आली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण शुल्क लावूनच. हे शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. अशा काळात मान पाहायची की दिल्लीकडे पाहायचे, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत असेल तर नवल नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दराचा अंदाज चुकण्याची शक्यता मानेचा अंदाज चुकण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. शिवाय पक्व कांदा निदान थांबू शकतो, कच्च्याला थांबण्याचीही सोय नसते.

तिसरे कारण मजुरांचे. सर्व शेते एकाच पंधरवड्यात तयार होतात आणि काढणी हाताने होते. टोळी मिळेल तो दिवस मुहूर्त मानावा लागतो.

आणि चौथे कारण पाण्याचे, जे येवला तालुक्यात सर्वांत निर्णायक ठरते. पालखेड डाव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या एका भागाला मिळते. राजापूर-ममदापूरकडचा पूर्वोत्तर पट्टा मात्र पर्जन्यछायेतला, माळरानाचा, काळविटांसाठी प्रसिद्ध असलेला. तेथे विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवू लागते. शास्त्र सांगते की काढणीआधी दहा ते पंधरा दिवस पाणी तोडावे. म्हणजे मान कोरडी होते, पापुद्रा आवळतो आणि जमीन फार कडकही होत नाही. पण पाणी ‘तोडणे’ आणि पाणी ‘तुटणे’ यांत फार अंतर आहे. विहिरीने तीन आठवडे आधीच हात टेकले की पात वाळते, गड्डा गोल्टीच्या आकारातच थांबतो आणि शेत वेळेआधी आडवे होते. ही फसवी मानच, पण तिच्यापुढे इलाज नसतो. असा कांदा काढावाच लागतो. तो साठवणीत न घालता आधी विकणे हाच त्यातला शहाणपणा. उलट, कालव्याचे आवर्तन नेमके माना पडताना आले म्हणून ‘एक शेवटचे पाणी’ देण्याचा मोह टाळावा. मिळालेले पाणी सोडून देणे दुष्काळी तालुक्यातील माणसाला फार जड जाते, परंतु त्या एका पाण्याने मान पुन्हा ओली होते.

राहता राहिला पाऊस. २०२५ च्या मे महिन्यात राज्यभर अवकाळी पावसाने मुक्काम ठोकला आणि मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. काढणी लांबलेला आणि शेतात उघड्यावर वाळत पडलेला कांदा त्यात सापडला. आभाळ भरून आले असेल आणि चाळीस टक्के माना पडल्या असतील, तर पन्नासाचा हट्ट धरू नये. भिजलेल्या पक्व कांद्यापेक्षा कोरडा, किंचित कच्चा कांदा बरा.

काढल्यानंतरचे चार दिवस

उपटलेला कांदा शेतात तीन ते पाच दिवस पातीसह वाळवायचा असतो. ओळीने असा मांडायचा की दुसऱ्या ओळीची पात पहिल्या ओळीच्या गड्ड्यांवर यावी. एप्रिलचे ऊन उघड्या कांद्याला उकडून काढते, पात त्याची सावली होते. या दिवसांत पातीतील उरलेसुरले अन्नही खाली उतरते. मग मानेला पीळ देऊन, साधारण तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवून पात कापतात. गड्ड्याला लागून कापली की जखम उघडी राहते आणि आतापर्यंत मानेसाठी धरलेला सगळा धीर वाया जातो. काम उक्ते दिलेले असते, हात भराभर चालतात, विळा खाली सरकतो. पक्व कांदा नासण्याचे हे एक सर्रास कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

यानंतर जोड कांदे, डेंगळे, चिंगळी आणि जाड मानेचे कांदे वेगळे काढून बाकीचा माल दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा आणि मग चाळीत भरावा. चाळ म्हणजे खालून आणि बाजूंनी हवा खेळेल असा लांबट, अरुंद कोठा. त्यात कांद्याचा थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नसावा. उन्हाळ्यात येथे वजन घटते, पावसाळ्यात दमट हवेने सड लागते, आणि सप्टेंबरनंतर हवा थोडी निवली की कोंब फुटू लागतात. चांगल्या चाळीतही हंगामाअखेर एक तृतीयांश माल कमी भरणे हे शेतकऱ्याला नवे नाही.

कोंब रोखण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. ओल्या मानेच्या कांद्याला तेथूनही बरा करून आणता येत नाही.

शहरातील घरासाठी

वर्षाचा कांदा भरून ठेवणारी घरे आता कमी झाली असली तरी संपलेली नाहीत. अशांनी हंगामाच्या पहिल्या आवकेवर झडप घालू नये. मार्चमध्ये येणाऱ्या मालात साठवणीला कमी टिकणारा रांगडा कांदा मिसळलेला असू शकतो. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेपर्यंतचा, नीट सुकलेला उन्हाळ कांदा घ्यावा. पोत्यात हात घालून मधले चार-सहा कांदे काढावेत आणि मान तपासावी. ती बारीक, कोरडी, पिळलेल्या सुतासारखी असावी. अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली, तर वरून कितीही चकचकीत दिसणारा तो माल आषाढ पाहणार नाही. दोन-तीन पापुद्रे अंगाला घट्ट असावेत. घरी आणल्यावर पोत्यातून काढून जाळीच्या टोपलीत किंवा फळीवर पसरावा. प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रीजमध्ये किंवा बटाट्यांच्या सोबत ठेवू नये. बटाट्याचा ओलावा कांद्याला सोसत नाही. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ लागलेला कांदा बाजूला करावा.

गच्चीवर कुंड्यांत किंवा जुन्या खोक्यांत कांदा लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, की पात छान आली पण कांदा धरला नाही. रोपे डिसेंबरात लावलेली असावीत, वाण आपल्याकडचा अल्पदिनी असावा आणि दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळावे. दोन रोपांत दहा सेंटीमीटर अंतर हवे. पात खुडून भाजीत घालण्याचा मोह आवरावा, कारण एकेक पात म्हणजे कांद्याचा एकेक पापुद्रा. मार्चअखेर पहिल्या दोन-चार माना लवल्या की पाणी बंद करावे. घरच्या बागेत हेच सर्वांत कठीण जाते, रोज सकाळी झारी हातात घेण्याची सवय जात नाही. कुंडीत दहा-वीसच झाडे असल्याने निम्म्याचा नियम पाळण्याची गरज नाही. जसजशी एकेकाची मान पडेल आणि पात पिवळी पडू लागेल, तसतसा तो तो कांदा काढावा. शेतकऱ्याला न मिळणारी ही चैन आहे. काढलेले कांदे सावलीत पातीसह सुकवून पातीची वेणी घालून टांगले तर पात कापण्याचीही गरज पडत नाही.

येवल्याकडे दिवाळीच्या सुमारास चाळी रिकाम्या होतात तेव्हा काही शेतकरी तळाशी उरलेले, न सडलेले, न सुकलेले, उत्तम आकाराचे कांदे निवडून बाजूला ठेवतात. ते विकायचे नसतात. ते पुन्हा जमिनीत लावले जातात, त्यांना दांडे येतात, पांढऱ्या फुलांचे गोंडे फुलतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काळे बी हाती येते. त्या बियाण्याची रोपे पुढच्या डिसेंबरात वाफ्यात जातात.